कुस्ती कुठल्या डावावर निकाली झाली, ते आधी सांग

प्रश्न असा आला होता: "मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ई-स्पोर्ट्सच्या सामन्यांचे वृत्तांत मराठीत लिहितो. सरावासाठी एक जुनी फायनल घेतली आणि एकही राउंड न सोडता सगळं लिहून काढलं. मित्र म्हणतात, कंटाळा आला. हरलेल्या टीमचे चाहते म्हणतात, तू विकला गेलायस. माझं नेमकं चुकतंय कुठं? आणि मॅच बघताना वही कशी आखू?" सोबत बारा पानांचा वृत्तांत जोडला होता.

भावा, बारा पानं वाचली. दोनदा वाचली. मेहनत दिसते, पण वाचणाऱ्यानं तेवढीच मेहनत का करावी, ते दिसत नाही.

तू घेतलेली मॅच आधी दोन ओळींत सांगतो, म्हणजे पुढचं बोलता येईल. बोस्टन, २८ जानेवारी २०१८, काउंटर-स्ट्राइक या पाच-विरुद्ध-पाच बंदुकांच्या खेळातल्या मेजर म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धेची फायनल, क्लाउड९ विरुद्ध फेझ क्लॅन. तीनपैकी दोन मॅप, म्हणजे खेळातली मैदानं, जिंकायचे; प्रत्येकावर आधी १६ राउंड घेईल तो जिंकला, १५-१५ झालं तर ओव्हरटाइम. मिराज फेझनं १६-१४ असा घेतला, ओव्हरपास क्लाउड९ नं १६-१० असा परत केला आणि इन्फर्नो दोन ओव्हरटाइम खेळून २२-१९ असा क्लाउड९ कडं गेला. आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो, घरमालक भिंतीपलीकडं झोपलेले. शेवटचे चार-पाच राउंड उशी तोंडात धरून बघितलेत.

आता तुझं पहिलं वाक्य: "अत्यंत रोमहर्षक अशा अंतिम सामन्यात दोन्ही बलाढ्य संघांनी चुरशीचा खेळ करत प्रेक्षकांची मने जिंकली." हे वाक्य कबड्डीला लाव, चालतं. शाळेच्या खो-खोला लाव, चालतं. म्हणजे या मॅचबद्दल त्यात काहीच नाही. काढून टाक.

मी वृत्तांत लिहायला शिकलो ते कॉम्प्युटरसमोर नव्हे, खासबागेत. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान १९१२ पासून कुस्त्या बघतंय आणि त्याच्याभोवती वृत्तांत लिहायची एक पद्धत तयार झालीय. मैदानात चाळीस कुस्त्या आणि छापायला जागा दीड कॉलम. तरी प्रत्येक कुस्तीला तिची ओळ मिळते: अमुक तालमीच्या अमुकनं तमुकला सातव्या मिनिटाला पोकळ घिस्स्यावर चितपट केलं. कोण, कुणाला, केव्हा आणि कुठल्या डावावर. रोमहर्षक हा शब्द नाही, पण कुस्ती बघितलेल्या माणसाला तेवढ्या ओळीवर सगळं दिसतं. सातवा मिनिट म्हटल्यावर आधी खडाखडी बरीच झाली असणार. घिस्सा म्हटल्यावर खाली कब्जा कुणाचा होता तेही कळलं. आणि निकाल गुणांवर लागला असेल तर ते वेगळं लिहायचं, कारण गुणांवर जिंकणं आणि पाठ लावणं यात फरक आहे हे इथं शेंबड्या पोराला कळतं.

तुझ्या फायनलची ओळ तशीच लिहायची. "इन्फर्नोवर ११-१५ असं मागं पडलेल्या क्लाउड९ नं सलग चार राउंड घेऊन मॅच ओव्हरटाइमला नेली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये फेझला २२-१९ असं आस्मान दाखवलं." त्याला जोडून: "मेजर जिंकणारा हा उत्तर अमेरिकेचा पहिला संघ." एवढं वाचून कुणी पान उलटलं तरी त्याचं नुकसान नाही. ज्याला कसं झालं ते हवंय, तो खाली उतरेल.

आता हिशोब. मिराजचे ३० राउंड, ओव्हरपासचे २६, इन्फर्नोचे ४१. एकूण ९७. तू ९७ ही राउंडना तीन-तीन, चार-चार ओळी दिल्यास. वाटणी अगदी सरकारी झाली, सगळ्यांना सारखं. पण मॅच सारखी नव्हती. २७ ते ३० हे चार राउंड म्हणजे ही अख्खी फायनल. फेझला एक राउंड पाहिजे होता, फक्त एक, आणि चार वेळा तो मिळाला नाही. तुझ्या लेखात या चारांतल्या प्रत्येकाला ओव्हरपासच्या एका बिनमहत्त्वाच्या राउंडएवढीच जागा आहे. माझ्या हातात असतं तर लेखाची निम्मी जागा या चारांना, पाव जागा ओव्हरटाइमला, आणि मिराज-ओव्हरपास मिळून दोन परिच्छेद. मिराज दोन राउंडच्या फरकानं गेला, ओव्हरपासवर फेझला दहाच राउंड घेता आले, बास.

पण निम्मी जागा भरायची कशानं? इथं तुझी खरी अडचण आहे. तू काय दिसलं ते लिहितोस: याला मारलं, त्याला मारलं, बॉम्ब लावला, डिफ्यूज केला. काउंटर-स्ट्राइकमध्ये जे दिसतं ते बऱ्याचदा दोन राउंड आधी ठरलेलं असतं, आणि ठरवणारी गोष्ट म्हणजे पैसा: खेळातला पैसा, जो प्रत्येक राउंडनंतर मिळतो आणि पुढच्या राउंडच्या बंदुकांवर खर्च होतो.

वही घे आणि हे मांड. एके-४७ ची किंमत २७००. चिलखत आणि हेल्मेट १०००. फेकायच्या बॉम्बांचे वेगळे: धुराचा स्मोक ३००, आगीचा मॉलोटोव्ह ४००, डोळे दिपवणाऱ्या दोन फ्लॅशचे ४००. पूर्ण तयारीनिशी उतरायला अतिरेकी, म्हणजे बॉम्ब लावणाऱ्या, बाजूच्या एका खेळाडूला ४८०० लागतात. एडब्ल्यूपी स्नायपर घ्यायची तर नुसत्या बंदुकीचे ४७५०. राउंड हरला की टीमला लॉस बोनस मिळतो: पहिल्या पराभवाला माणशी १४००, लागोपाठ दुसऱ्याला १९००, मग २४००, २९००, आणि ३४०० ला थांबतो. हे आकडे तुला पाठ आहेत, खेळतोस म्हणजे माहीत असणारच. पण २०१८ चा एक नियम तू विसरलास. तेव्हा मधे एक राउंड जिंकला की लॉस बोनसची शिडी थेट तळाला यायची. पुढं २०१९ मध्ये हा नियम सौम्य केला, आता जिंकल्यावर एकच पायरी खाली येते.

म्हणजे बघ. फेझनं २६वा राउंड जिंकून १५-११ केलं. शिडी तळाला. २७वा हरले, हातात माणशी १४००. २८वा हरले, १९००. २९वा हरले, २४००. बॉम्ब लावून हरले असतील तर वर माणशी ८०० धर. किल्सचे पैसे सोडले तर मॅच पॉइंटवर उभ्या असलेल्या टीमच्या खिशात एवढीच आवक येत होती. बाकी सगळं आधी साठवलेल्यावर आणि वाचवलेल्या बंदुकांवर. ज्याचा खिसा पुरता रिकामा झालाय त्याला १४०० मध्ये काय येतं? डेझर्ट ईगल ७०० चं, नुसतं चिलखत ६५०. पन्नास उरतात. समोर पाच रायफली.

फेझ पैशापायी हरले असं मी म्हणत नाही. त्या चार राउंडमध्ये कुणाच्या हातात काय होतं, हे तू बघितलंच नाहीस असं म्हणतोय. डेमो फाइल, म्हणजे मॅचचं साठवलेलं रेकॉर्डिंग, उतरवून घे, २६वा राउंड संपला तिथं थांब, आणि दहाही खेळाडूंच्या नावापुढं पैसा लिही. मग २७वा सुरू कर. प्रत्येक राउंडनंतर परत थांब. तासाभराचं काम आहे. त्यातून जी चार वाक्यं निघतील ती तुझ्या बारा पानांपेक्षा वजनदार असतील. आणि ओव्हरटाइममध्ये सगळ्यांना भरपूर पैसे देऊन नव्यानं सुरुवात होते, तिथं हा हिशोब मिटतो. म्हणून १५-१५ च्या आधीची मॅच आणि नंतरची मॅच या दोन वेगळ्या मॅच आहेत, आणि तसंच लिहायला पाहिजे. तू सलग लिहिलंयस.

हा पैशाचा भाग न खेळणाऱ्याला सांगायचा कसा, हे मला एका निवृत्त वस्तादांनी शिकवलं. गंगावेशीत दूध प्यायला उभे होतो, मी मोबाइलवर मॅच बघत होतो, त्यांनी विचारलं काय बघतोस. मी इको राउंड, फोर्स बाय, सेव्ह असलं बरंच सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे खुराक संपलाय, तरीबी लंगोट बांधून उतरायचं का पुढच्या मैदानाची वाट बघायची, एवढंच की." एवढंच. तेव्हापासून इको राउंड हा शब्द मी पहिल्यांदा वापरतो तेव्हा शेजारी एक साधं वाक्य ठेवतो: या राउंडला त्यांनी खर्च केला नाही, हरणार हे धरूनच उतरले. पुढं मग नुसतं इको लिहिलं तरी चालतं.

भाषेचं निघालंय तर तेही उरकून घेतो. क्लच, स्मोक, फ्लॅश, साइट (बॉम्ब लावायची जागा), रोटेट, टाइमआउट हे शब्द आहेत तसेच ठेव, कुणीही धूम्रास्त्र म्हणत नाही. पण क्रियापदं आपली घे. "त्याने क्लच परफॉर्म केला" काय? एकटा उरला आणि राउंड खेचला. "टीमने साइट एक्झिक्यूट केली" नको, बी साइटवर तुटून पडले. "मोमेंटम शिफ्ट झाला" तर मला दिसला तिथं खोडलाय. कुणाकडून कुणाकडं, कशानं, ते लिही.

आता दुसरी तक्रार, विकला गेल्याची. ती मी हसण्यावारी नेत नाही, कारण मला ती शाहू स्टेडियमवर, फुटबॉलच्या वृत्तांतापायी, ऐकायला लागलीय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. यातल्या कुठल्याही दोघांची मॅच असली की दुसऱ्या दिवशी एकाच चहाच्या गाड्यावर दोन्हीकडची पोरं तोच वृत्तांत वाचत असतात. बाजू घेतली की कळतं, आणि कळलं की सांगायला दुकानापर्यंत येतात. माझ्याकडं आलेत. मारलं नाही, पण चहा मात्र माझ्याच खात्यावर पिऊन गेले.

त्यावरचा माझा उपाय शाळकरी आहे, पण चालतो. छापील कागद घ्यायचा, दोन रंगांचे पेन. एका संघाच्या विशेषणांखाली लाल रेघ, दुसऱ्याच्या खाली निळी. तुझ्या बारा पानांवर मी हे केलं. क्लाउड९ ला झुंजार, जिद्दी, निधडे, थंड डोक्याचे असे तेवीस शब्द. फेझला सहा, त्यातले चार गाफील, ढेपाळलेले असले. आणि तुला वाटतं तू तटस्थ लिहिलंस. १५-११ वरून हरलेली टीम गाफील होती हे तुला कुणी सांगितलं? त्यांनी सांगितलं का? डेमोत दिसलं का? निकाल बघून तू मागं जाऊन त्यांचं मन लिहिलंस.

हरलेल्या बाजूला न्याय द्यायचा म्हणजे गोड बोलायचं नाही, त्यांची गोष्टही तेवढीच बघायची. फेझमध्ये पाच खेळाडू पाच देशांचे: डेन्मार्कचा कॅरिगन, बोस्नियाचा निको, स्लोव्हाकियाचा गार्डियन, नॉर्वेचा रेन, स्वीडनचा ओलोफमायस्टर. समोर पाचही अमेरिकन, आणि मॅच बोस्टनमध्ये, म्हणजे स्टेडियम कुणाच्या बाजूनं ओरडत होतं ते सांगायला नको. त्यात गार्डियन. २०१५ मध्ये क्लुजला मेजरची फायनल हरलेला, २०१६ मध्ये कोलंबसला हरलेला, दोन्ही वेळा नावी या संघातून खेळताना. बोस्टन ही त्याची तिसरी. मॅच पॉइंट हातात असताना. हे तुझ्या लेखात कुठंच नाही. हे असतं तर फेझचा चाहता तुला शिव्या घालायच्या आधी एकदा थांबला असता.

आणि जिंकलेल्यांचंही तू अर्धंच लिहिलंस. क्लाउड९ स्पर्धेत आधीच्या टप्प्यात पहिल्या दोन्ही मॅच हरले होते. तिसरी हरते तर घरी. तिथून तीन सलग जिंकून बाद फेरीत आले. इन्फर्नोवर ११-१५ असताना या टीमला काठावर उभं राहायची सवय होती, ही गोष्ट त्या चार राउंडच्या वर एका वाक्यात बसते. क्लाउड९ च्या टारिकला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला हे तू शेवटी टाकलंस, बरोबर आहे, तिथंच शोभतं.

किल्सच्या तक्त्याबद्दल. तू मॅपगणिक पूर्ण तक्ता चिकटवलास. नको. राउंड हातातून गेल्यावर पळत्याच्या पाठीत घातलेल्या गोळ्यांचेही किल्स धरले जातात आणि पहिलं दार फोडून मेलेल्या खेळाडूचं काम तक्त्यात येत नाही. फुटबॉलमध्ये गोल कुणी केला ते सगळे लिहितात, पास कुणी दिला ते बघणारा लिहितो. तक्त्यातला एखादाच आकडा घे, ज्यानं तुझं म्हणणं पुढं सरकतं.

प्रतिस्पर्धी म्हटलं की सगळ्यांना इतिहास लिहायचा मोह होतो. मलाही होतो. लीग ऑफ लेजेंड्स या दुसऱ्या खेळाची २०२२ ची जागतिक फायनल घे, ५ नोव्हेंबर, सॅन फ्रान्सिस्को, डीआरएक्सनं टी१ ला ३-२ हरवलं. टी१ चा फेकर आणि डीआरएक्सचा डेफ्ट, दोघं सोलच्या एकाच मापो हायस्कूलचे, दोघांची कारकीर्द २०१३ ला सुरू झालेली. फेकरकडं तोवर तीन जगज्जेतेपदं, डेफ्टकडं एकही नाही. एका तालमीतले दोन पैलवान, एक नाव काढून गेला आणि दुसरा दहा वर्षं हलगीच्या मागं चालतोय. शिवाय डीआरएक्स अगदी तळातून, प्ले-इन फेरीतून आलेले. अशी गोष्ट हातात असताना मी पहिल्या मसुद्यात निम्मा लेख शाळेवर खर्च केला होता. मग लक्षात आलं की पाचव्या गेममध्ये ते एका शाळेचे होते याचा काहीही संबंध नव्हता. फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही डीआरएक्सच्या किंगेनला गेला, या दोघांपैकी कुणाला नाही. शाळा तीन ओळींत ठेवली.

बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळाचं तू विचारलं नाहीस, पण कोल्हापुरात लिहिणार असशील तर सगळ्यात जास्त मागणी त्यालाच येणार. तिथं दोन टीमची मॅच नसते, सोळा टीम एका मॅपवर उतरतात आणि तुझे दोन वैरी एकमेकांना पूर्ण मॅचभर भेटणारही नाहीत. लढत गुणतक्त्यावर होते. पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १, आणि प्रत्येक किलला १. एका टीमनं चिकन डिनर घेतलं, म्हणजे पहिला नंबर काढला, चार किल्सवर, म्हणजे १४. दुसरी तिसऱ्या नंबरवर मेली पण दहा किल्स करून, म्हणजे १५. सगळे नाचतात पहिल्या टीमच्या नावानं, आणि पुढं गेली दुसरी. वृत्तांत लिहिणाऱ्यानं नाचणाऱ्यांकडं बघायचं नसतं, बेरजेकडं बघायचं.

माझी एक चूक सांगतो, फुकट शिकून घे. काही वर्षांमागं इथल्याच एका हॉलमध्ये स्थानिक लॅन स्पर्धा होती. फायनलच्या शेवटच्या राउंडला एक पोरगा एकटा उरला, समोर एकच शत्रू, पाठमोरा. यानं गोळीच झाडली नाही. मी लिहिलं, "दडपणाखाली त्याचा हात गोठला." वाक्य आवडलं होतं मला. दोन दिवसांनी तो पोरगा आईच्या गाडीवर मागं बसून आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "दादा, स्क्रीनच नव्हती की." हॉलची लाइट लपकली होती, त्याच्या टेबलाचा यूपीएस पकडला नाही, दीड-दोन सेकंद मॉनिटर काळा. मी मोठ्या पडद्याकडं बघत होतो, त्याच्या टेबलाकडं नव्हे. आयोजकांनी राउंड परत खेळवला नाही तो विषय वेगळा. मी दुरुस्ती लिहिली, पण गोठलेला हातच लोकांनी लक्षात ठेवला. त्याच्या कॉलेजात त्याला वर्षभर 'फ्रिज' म्हणत होते.

तेव्हापासून स्थानिक मॅच असेल तर दोन्ही कप्तानांना एकेक प्रश्न विचारल्याशिवाय मी लिहीत नाही. "कसं वाटलं" हा प्रश्न नव्हे, त्यावर सगळे "छान वाटलं" म्हणतात. नेमका राउंड सांगून विचारायचं: त्या वेळी तुम्ही ए साइट सोडून का गेलात? उत्तर चार शब्दांचं येतं, पण त्या चार शब्दांत डाव असतो. बोस्टनच्या कप्तानांना तू विचारू शकत नाहीस, म्हणून तिथं डेमो.

वहीचं आखणं कसं, ते तुझ्या शेवटच्या ओळीत विचारलंयस. मी पाच रकाने काढतो: राउंड नंबर, स्कोअर, दोन्हीकडची खरेदी, पहिला कोण मेला, राउंड कशानं संपला. खरेदीला पू, अ, इ एवढंच लिहितो, म्हणजे पूर्ण, अर्धी, इको. ज्या राउंडला मी खुर्चीतून पुढं सरकलो तिथं समासात एक टिंब. मॅच संपल्यावर टिंबं मोजतो. बहुतेक वेळा डाव टिंबावर नसतो, टिंबाच्या दोन ओळी वर असतो.

एक लक्षात ठेव, आता काउंटर-स्ट्राइक २ मध्ये २४ राउंडची मॅच आहे, १३ ला जिंकते. जुन्या १५-११ ची आजच्या स्कोअरशी तुलना करायला जाऊ नकोस, वाचणारे पकडतात.

सगळं परत लिहू नकोस. फक्त २७ ते ३० लिही, दीड पान, पैशाचा तक्ता वेगळा कागदावर. दोन्ही रंगांच्या रेघा मारून रविवारी घेऊन ये. सकाळी ये पण, संध्याकाळी स्टेडियमवर मॅच आहे आणि मी फोन उचलणार नाही.